‘स्वतःच ओढवून घेतले’ म्हणण्यापूर्वी

मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर वर्षाच्या बाराही महिने माणसांची वस्ती असते. विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतच्या गावांतून आलेली ही माणसे. कुणाच्या हातात तपासण्यांची जाडजूड फाइल, कुणाच्या नाकातून अन्नाची नळी घातलेली, कुणाचा अर्धा जबडा पट्टीखाली झाकलेला. पाहणाऱ्याच्या मनात प्रथम कळवळा दाटून येतो. तेवढ्यात सोबतचा कुणीतरी हलक्या आवाजात म्हणतो, ‘तंबाखू खात असणार.’ आणि त्या कळवळ्याला ओहोटी लागते.

घरातही वेगळे घडत नाही. दूरच्या नात्यातील कुणाचे यकृत निकामी झाल्याची बातमी येते, तेव्हा ‘आता कसे आहेत?’ याआधी ‘प्यायचे का हो?’ हा प्रश्न विचारला जातो. उत्तर ‘नाही’ असेल तर ऐकणारा हळहळतो. ‘होय’ असेल तर जणू हिशेब जुळल्यासारखी मान हलवतो. ‘करावे तसे भरावे’ ही म्हण अशा वेळी हाताशी असतेच. तिच्यात असत्य नाही. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, दारूने यकृत सडते, हे शास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. प्रश्न एवढाच, की कारण ठाऊक झाल्यावर करुणेचा हक्क संपतो काय? आणि करुणा दाखवणे म्हणजे रुग्णाला जबाबदारीतून मोकळे करणे आहे काय?

दोष शोधण्याची घाई कशासाठी?

या मनोवृत्तीचा अभ्यास मानसशास्त्राने केला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये वेगवेगळ्या आजारांविषयी व वैगुण्यांविषयी लोकांच्या भावना तपासल्या. जे संकट माणसाच्या ताब्याबाहेरचे वाटते, त्याविषयी दया येते आणि मदतीची इच्छा होते. जे टाळता आले असते असे वाटते, त्याविषयी राग येतो आणि मदतीचा हात आखडतो, असे त्यांना आढळले. संकट तेच, वेदना तीच. फरक पडतो तो तिच्या उगमाविषयीच्या आपल्या समजुतीने.

मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात आणखी खोल जाऊन पाहिले. एका स्त्रीला विजेचे झटके दिले जात आहेत, असा देखावा प्रयोगात सहभागी झालेल्यांसमोर उभा करण्यात आला. तिचा छळ थांबवणे आपल्या हाती नाही, असे ज्यांना वाटले, ते हळूहळू त्या स्त्रीलाच कमी लेखू लागले. जग न्यायी आहे आणि ज्याला जे मिळते ते त्याच्या लायकीप्रमाणे मिळते, हा विश्वास टिकवण्याची माणसाची धडपड त्यामागे असल्याचे लर्नर यांनी दाखवले. म्हणजे रुग्णाचा दोष शोधण्यात आपण बरेचदा स्वतःलाच धीर देत असतो. ‘तो खात होता, मी खात नाही, म्हणून माझ्यावर ही पाळी येणार नाही,’ हे ते आश्वासन असते.

अ‍ॅरिस्टॉटल आणि चरक

हा प्रश्न आजचा नव्हे. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात त्याचा विचार केला आहे. जन्मांधाला कुणी दूषण देत नाही, पण मद्यपानाने दृष्टी गमावलेल्यास लोक दोष देतात, असे तो सांगतो. वैद्याचे न ऐकता बेबंद वागून आजारी पडलेला माणूस केवळ इच्छा करून बरा होऊ शकत नाही. हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, तसेच हे आहे. मात्र दगड फेकणे किंवा न फेकणे एकेकाळी त्याच्याच हाती होते, असे अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणणे. जबाबदारीचा हा विचार आजही पटण्याजोगा आहे. पण त्याच दृष्टान्ताची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी: दगड सुटल्यानंतर फेकणारा त्याच्यापुढे इतर कुणाइतकाच असहाय असतो.

भारतीय परंपरेत चरकसंहितेने ‘प्रज्ञापराध’ ही संकल्पना मांडली. बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळल्यामुळे माणसाच्या हातून जे अहितकारक वर्तन घडते, ते रोगांचे एक मोठे कारण होय, असे हा ग्रंथ मानतो. स्वतःच्या वर्तनाने ओढवलेल्या आजारांचे याहून स्पष्ट निदान क्वचितच सापडेल. तरीही वैद्याची वृत्ती कशी असावी हे सांगताना तोच ग्रंथ मैत्री आणि आर्तांविषयी कारुण्य यांना अग्रस्थान देतो. त्या आर्तांमध्ये निर्दोष कोण आणि अपराधी कोण, अशी वर्गवारी तिथे केलेली नाही. कारणमीमांसा कठोर आणि वृत्ती करुण, हे दोन्ही एकाच ग्रंथात नांदते, याचे आजच्या वाचकाने अप्रूप मानायला हवे.

‘स्वतःच’ म्हणजे नेमके किती?

आता महाराष्ट्रातील तंबाखूकडे पाहू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे २६.७ कोटी प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते आणि त्यात धूम्रपानापेक्षा चघळण्याच्या, दातांना लावण्याच्या तंबाखूचा वाटा कितीतरी मोठा होता. सवय लागते ती बहुधा विशीच्या आत. म्हणजे चाळिशी-पन्नाशीत ज्या माणसाला आपण जाब विचारतो, त्याने तो ‘निर्णय’ मिसरूड फुटण्याच्या वयात, मित्रांच्या घोळक्यात घेतलेला असतो. नंतर उरतो तो निकोटिनचा अंमल. हे द्रव्य मेंदूतील सुखसंवेदनेची यंत्रणा आपल्या ताब्यात घेते. ते मिळाले नाही तर चिडचिड, निद्रानाश, अस्वस्थता सुरू होते. याच सर्वेक्षणात धूरविरहित तंबाखूचे सेवन करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांनी सवय सोडण्याची इच्छा किंवा विचार बोलून दाखवला होता. इच्छा असते, सुटत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांमध्ये मिश्री लावण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्यासाठी म्हणून आई-आजीच्या हातून मुलीच्या हाती येते. पहाटेपासून उसाच्या फडात राबणाऱ्या मजुराला, रात्रभर ट्रक हाकणाऱ्या चालकाला, दोन पाळ्या करणाऱ्या हमालाला तंबाखूची चिमूट भूक मारण्याचे व झोप उडवण्याचे सर्वांत स्वस्त साधन वाटते. ती चिमूट त्याने स्वतःच तोंडात टाकली, हे खरे. पण त्याच्यापुढे ठेवलेल्या पर्यायांची यादी त्याने तयार केलेली नव्हती.

शासनाचा व्यवहारही इथे तपासावा लागेल. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे पुन्हा बंदी आली, पण चोरटी विक्री थांबली नाही. तंबाखू आणि मद्य यांवरील करांतून सरकारी तिजोरीत मोठी रक्कम जमा होते. सरकारी विमा कंपन्यांनी तंबाखू उद्योगात केलेल्या गुंतवणुकीविरुद्ध २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. पिकवणारा, बनवणारा, विकणारा, कर घेणारा आणि नफा वाटून घेणारा असे सारे जण साखळीत असताना संपूर्ण दोष साखळीच्या शेवटी उभ्या असलेल्या एकट्या माणसाच्या माथी मारणे न्यायाचे ठरत नाही.

शिवाय आपला दोषारोप निवडक असतो. व्यवसायात दिवसरात्र गुंतून, व्यायामाला फाटा देऊन पन्नाशीत हृदयविकाराचा झटका आलेल्या गृहस्थाच्या खोलीत पुष्पगुच्छांची रांग लागते. ‘फार कष्ट केले हो’ अशी वाखाणणी होते. गिर्यारोहणात हिमदंश झालेला तरुण धाडसी ठरतो. मधुमेह असूनही लग्नसमारंभात श्रीखंडाची वाटी दुसऱ्यांदा भरून घेणाऱ्या काकांचे कौतुकमिश्रित हसू होते. गुटखा खाणाऱ्या रिक्षाचालकाला मात्र प्रवचन ऐकावे लागते. स्वतःच्या वर्तनाने ओढवलेला आजार हाच निकष असता, तर वागणूक सर्वांना सारखी मिळाली असती.

दूषणाची किंमत

दोष दिल्याने लोक सुधारतील, अशी एक समजूत असते. भारतात २०१६ पासून तंबाखूजन्य पदार्थांच्या वेष्टनावर ८५ टक्के भागात इशारा आणि भयप्रद चित्र छापणे बंधनकारक आहे. धोक्याची माहिती देणे आवश्यकच आहे आणि त्याचा उपयोगही होतो. पण माहिती देणे निराळे आणि आजारी माणसाला लाजवणे निराळे. लाज माणसाला व्यसनापासून दूर नेण्याऐवजी डॉक्टरपासून दूर नेते.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या मुलाखतींवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या आजाराचे धूम्रपानाशी नाते इतके घट्ट मानले जाते, की आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेल्या रुग्णांनाही लोकांच्या नजरेतील आरोप सोसावा लागत होता. काहींनी आजार लपवला. त्यामुळे मिळू शकणारा आधारही त्यांना दुरावला. दोषारोपाची कुऱ्हाड अपराधी आणि निरपराध असा भेद करून कोसळत नाही.

आपल्याकडील तोंडाच्या कर्करोगाबाबत तर हा मुद्दा जीवनमरणाचा आहे. हा कर्करोग बहुधा चोरपावलांनी येत नाही. गालाच्या आतील पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, दिवसेंदिवस कमी उघडणारे तोंड अशा खुणा आधी दिसू शकतात. त्या वेळी उपचार झाले तर बरे होण्याची शक्यता मोठी असते. केरळमधील तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा मद्य यांचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीमुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांच्याविषयी ‘भोगू दे आपल्या कर्माची फळे’ असे म्हटले जाते, नेमक्या त्यांचेच प्राण या साध्या तपासणीने वाचले. त्यासाठी एकच अट होती: आरोग्यसेवकापुढे त्या माणसाने न लाजता तोंड उघडले पाहिजे.

अवघड कसोटी: एक यकृत, दोन रुग्ण

करुणेची खरी परीक्षा मात्र साधने अपुरी पडतात तेव्हा होते. ब्रिटनचा विख्यात फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट याच्यावर २००२ मध्ये सरकारी आरोग्यसेवेत यकृतरोपणाची शस्त्रक्रिया झाली. मद्यपानाने त्याचे यकृत निकामी झाले होते. रोपणानंतरही त्याने पिणे पुन्हा सुरू केले आणि नोव्हेंबर २००५ मध्ये तो मरण पावला. ते यकृत दुसऱ्या कुणाला मिळाले असते तर, हा सवाल तेव्हा ब्रिटनभर विचारला गेला. तो अयोग्य म्हणता येणार नाही. मेंदुमृत दात्याचे एक यकृत म्हणजे प्रतीक्षायादीवरील कुणाचे तरी आयुष्य असते.

१९९१ मध्ये अमेरिकी वैद्यकाच्या नियतकालिकात यावर दोन्ही बाजूंनी वाद झडला. मॉस व सीगलर या डॉक्टरांनी मद्यपींना प्रतीक्षायादीत खालचे स्थान द्यावे, असे सुचवले. कोहेन व बेंजामिन यांनी उलट बाजू मांडली: इतर आजारांत आपण रुग्णाच्या सद्‌गुणांचे मोजमाप करीत नाही, मग इथेच का? पुढे अनेक देशांतील केंद्रांत रोपणापूर्वी सहा महिने मद्यापासून दूर राहण्याची अट रूढ झाली. तिला वैद्यकीय कारणही होते. या काळात काहींचे यकृत आपोआप सुधारते. परंतु तीव्र मद्यजन्य यकृतदाहाच्या रुग्णांपाशी सहा महिने नसतातच. २०११ मध्ये फ्रान्स व बेल्जियममधील डॉक्टरांनी औषधांना दाद न देणाऱ्या अशा २६ निवडक रुग्णांवर ही अट न लावता रोपण केले. सहा महिन्यांनंतर त्यांच्यातील ७७ टक्के रुग्ण जिवंत होते. रोपण न झालेल्या तशाच रुग्णांत हे प्रमाण २३ टक्के होते. नंतरच्या काळात २६ पैकी तिघे पुन्हा दारूकडे वळले.

या उदाहरणातून एक उपयुक्त भेद हाती लागतो. ‘या रुग्णाला उपचाराचा लाभ किती होईल?’ हा वैद्यकीय प्रश्न आहे आणि तो विचारण्याचा डॉक्टरांना अधिकार आहे. ‘हा रुग्ण उपचाराला लायक आहे काय?’ हा न्यायनिवाड्याचा प्रश्न आहे आणि शस्त्रक्रियागृह हे न्यायालय नव्हे. धूम्रपानाने जखम भरायला वेळ लागतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी सिगारेट सोडण्यास सांगणे हा उपचाराचाच भाग. इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात २०१७ मध्ये तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियांपूर्वी धूम्रपान सोडण्याची व स्थूल व्यक्तींनी वजन घटवण्याची अट घालण्यात आली, तेव्हा ती वैद्यकीय दक्षता की खर्च वाचवण्यासाठीची शिक्षा, यावरून वादळ उठले. शब्द तेच असले तरी हेतू बदलला, की सल्ल्याचे शिक्षेत रूपांतर होते.

करुणा म्हणजे लाड नव्हे

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो घरातून येतो. नवऱ्याच्या दारूपायी दागिने, घर आणि उमेदीची वर्षे गमावलेल्या पत्नीला करुणेचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा? तिचा संताप खराच आहे आणि तो तिचा हक्क आहे. बाहेरच्यांनी तिच्याकडून क्षमेची मागणी करणे हीसुद्धा एक प्रकारची निष्ठुरताच. समाजाने आणि रुग्णालयाने रुग्णाला करुणा द्यावी, ती याचसाठी, की शुश्रूषेचा सारा भार तिच्या एकटीच्या खांद्यावर पडू नये.

करुणा आणि जबाबदारी यांचा मेळ कसा घालावा, हे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने दाखवून दिले आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये ते सुरू केले. व्यसन हा आजार आहे, ही तिथली पहिली शिकवण. पण आजार म्हटले म्हणून रुग्णाला हात झटकण्याची मुभा मिळत नाही. दिनक्रम पाळणे, केलेल्या नुकसानाची कबुली देणे, उपचारानंतरही पाठपुरावा करणे ही कामे त्याची त्यानेच करायची असतात. व्यसनातून बाहेर पडलेलेच अनेक जण तिथे पुढे समुपदेशक म्हणून उभे राहिले. हॅना पिकार्ड या तत्त्वज्ञ विदुषीने अशाच उपचारपद्धतींचा विचार करून ‘दोषारोपाविना जबाबदारी’ ही कल्पना मांडली आहे. जबाबदारी रुग्णाला उद्याविषयी प्रश्न विचारते. दोषारोप त्याला कालच्या दिवसाशी जखडून ठेवतो.

कायद्यानेही काहीशी हीच दिशा धरली आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ नुसार दीर्घकाळ गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिलेले नाही. स्वतःच्या हाताने स्वतःला इजा करणाऱ्यालाही शिक्षेपेक्षा शुश्रूषेची गरज अधिक असते, हे मान्य करायला दीड शतकाहून अधिक काळ लागला.

जबाबदारी स्वीकारण्याची उदाहरणे सार्वजनिक जीवनातही आहेत. ज्येष्ठ नेते शरद पवार यांना २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाला सामोरे जावे लागले. त्यानंतर आपल्या जुन्या सवयीबद्दल त्यांनी जाहीर सभांतून खंत व्यक्त केली आणि इतरांना सावध केले. चूक बोलून दाखवणे त्यांना शक्य झाले, कारण ती बोलून दाखवल्याने उपचार वा आदर हिरावला जाण्याचे भय त्यांना नव्हते. ही निर्भयता परळच्या पदपथावरील माणसालाही लाभायला हवी.

आजारी माणसाला आपली चूक ठाऊक नसते असे नाही. आरशात जबडा पाहताना, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे रुग्णालयात मोजताना, तो ती रोज उगाळत असतो. भेटायला येणाऱ्याने तिची पुन्हा आठवण करून देण्याची गरज नसते. ‘दुखते आहे का? जेवण जाते का? सोबत कोण आहे?’ एवढे विचारले तरी पुरे. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेवर सल्ला मिळतो, हे सांगता आले तर आणखी बरे. जाब विचारण्याचे काम त्याच्या शरीराने केव्हाच सुरू केलेले असते. माणसांनी करायचे काम त्याहून निराळे आहे.